लिफ्टजवळचं पान : फ्लॅट स्कीममधल्या माणसांना जोडणारं मासिक पत्रक कसं काढावं

एप्रिलमधली सकाळ, साडेसहा वाजलेले. आमच्या फ्लॅट स्कीममधल्या, म्हणजे अपार्टमेंटमधल्या, एक काकू चिकाचं पातेलं आणि सोऱ्या घेऊन गच्चीच्या दारापुढे उभ्या होत्या आणि दाराला कुलूप होतं. ज्यांनी कुरोड्यांचा चीक घाटला आहे त्यांना त्यांची अवस्था लगेच समजेल. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, पहाटे उठून शिजवायचा आणि गरम आहे तोवरच सोऱ्यातून घालायचा. गार झाला की सगळी मेहनत वाया. किल्ली मिळेपर्यंत पाऊण तास गेला. गच्चीला कुलूप लावल्याची सूचना लिफ्टशेजारी अकरा दिवसांपासून लागलेली होती. काकूंनी ती रोज पाहिली होती, वाचली मात्र नव्हती.

मी खाली जाऊन ती सूचना पुन्हा वाचली. "सर्व सदनिकाधारकांना सूचित करण्यात येते की, सुरक्षेच्या कारणास्तव टेरेसचा वापर पूर्वपरवानगीशिवाय करू नये. सहकार्य अपेक्षित." किल्ली कोणाकडे असते, किती वाजता मिळते, वाळवणाच्या दिवसांत काय करायचं, यातलं एक अक्षर त्यात नव्हतं. त्या महिन्यात आम्ही तिघांनी मिळून दोन बाजूंचं एक पान काढलं. नागपूरच्या मनीषनगरातल्या आमच्या ४२ फ्लॅटच्या स्कीममध्ये ते आता चार वर्षं निघतं आहे. बेसा, मनीषनगर, नरेंद्रनगर, सगळीकडे नवीन स्कीम उभ्या राहून राहिल्या आहेत आणि एका जिन्यातली माणसं एकमेकांना फ्लॅट नंबरानं ओळखतात. तुमच्याकडे असं पान सुरू करायचं असेल तर आम्ही काय केलं आणि कुठे चुकलो, ते सगळं सांगते.

आधी दहा घरं फिरा

कागद-पेन नंतर. पहिल्या रविवारी दहा घरांत जाऊन बसा. दहा घरं निवडताना ओळखीची निवडू नका. दोन घरं तळमजल्यावरची किंवा पहिल्या माळ्यावरची, दोन भाडेकरूंची, एक एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांचं, एक लहान मुलं असलेलं, एक कमिटी मेंबरचं, एक कमिटीशी कायम भांडणाऱ्याचं, एक मराठी नसलेल्या कुटुंबाचं आणि एक असा मालक जो पुण्याला किंवा परदेशात राहतो आणि ज्याचा फ्लॅट भाड्यानं दिलेला आहे. त्याला फोन करा.

प्रत्येकाला तीनच गोष्टी विचारायच्या. स्कीमबद्दलची शेवटची बातमी तुम्हाला कोणाकडून कळली? कोणती गोष्ट उशिरा कळली म्हणून त्रास झाला? आणि या इमारतीतल्या किती घरांत तुम्ही चहा प्यायला आहात?

पहिल्याचं उत्तर आमच्याकडे बहुतेक घरांत "वॉचमनकडून" किंवा "कामाला येणाऱ्या ताईंकडून" असं आलं. म्हणजे बातमी फिरत होती, पण ती कमिटीच्या कागदावरून फिरत नव्हती. दुसऱ्या प्रश्नावर लोक भरभरून बोलले: टाकी धुतली ते कळलं नाही, लिफ्ट बंद राहणार ते कळलं नाही, खालच्या आजोबांना दवाखान्यात नेलं तेही दोन दिवसांनी कळलं. तिसऱ्या प्रश्नावर माणसं थांबली. भाड्यानं राहणारा, मिहान या उद्योग-वसाहतीत नोकरी करणारा एक मुलगा म्हणाला, "ताई, दीड वर्ष झालं, कोणाच्याच घरी नाही." ते उत्तर मी वहीत लिहून ठेवलं. पान कोणासाठी काढतो आहोत हे विसरायला झालं की ती वही उघडून बघते.

कमिटीशी लेखी ठरवून घ्या

नागपुरात बऱ्याच फ्लॅट स्कीम सहकारी सोसायटी नसून महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अ‍ॅक्ट, १९७० खाली नोंदवलेल्या असतात. तिथे डीड ऑफ डिक्लेरेशन (स्कीमचं नोंदणी केलेलं घोषणापत्र) असतं, असोसिएशन असते, तिची उपविधी असते. सहकारी सोसायटी असेल तर १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा लागतो. तुमची स्कीम यातली कोणती आहे हे पहिल्याच महिन्यात शोधून काढा, कारण निम्मी भांडणं याच्याच अज्ञानातून होतात. त्याबद्दल पुढे येतेच.

कमिटीच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवून इतिवृत्तात लिहून घ्या. पान रहिवाशांचं असेल आणि त्यात कमिटीला एक ठरावीक कोपरा मिळेल. छापण्याआधी सचिव फक्त आकडे, तारखा आणि नावं तपासतील. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर पान छापायला जाईल. आणि थकबाकीदारांची नावं किंवा फ्लॅट नंबर पानावर येणार नाहीत.

ही तिसरी अट आम्ही चूक करून शिकलो. तिसऱ्या अंकात कमिटीच्या आग्रहावरून आम्ही मेंटेनन्स थकलेल्या पाच फ्लॅटचे नंबर छापले. त्यातल्या एका घरातल्या काकाजींचं डायलिसिस सुरू होतं. संध्याकाळी त्यांच्या पत्नी खाली आल्या, लिफ्टजवळचं पान त्यांनी हळूच काढलं, नीट चार घड्या घातल्या आणि माझ्या हातात दिलं. एक शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या अंकात आम्ही पहिल्याच ओळीत माफी मागितली. तेव्हापासून "या महिन्याअखेर इतक्या घरांकडून इतकी रक्कम येणं आहे" एवढंच छापतो. वसुली हे कमिटीचं काम आहे, त्यासाठी पत्र आहे, कायदा आहे. पानानं ते अंगावर घेऊ नये.

तीन माणसं पुरतात

एक जमवणारा, एक लिहिणारा, एक छापून वाटणारा. जमवणारं माणूस असं हवं की ज्याला जिन्यात थांबवून लोक बोलतात. आमच्याकडे हे काम एका निवृत्त शिक्षिकेकडे आहे. संध्याकाळी त्या खाली फिरायला गेल्या की परत येताना तीन बातम्या घेऊनच येतात. लिहिणारा माणूस हुशार असण्यापेक्षा वेळेचा पक्का असावा. छपाई आणि मांडणी अकरावी-बारावीतल्या मुलाला किंवा मुलीला द्या. ही मुलं फोनवर अर्ध्या तासात जे करतात त्याला आपल्याला दोन रात्री लागतात, आणि त्यांनी काढलेलं पान त्यांचे आजी-आजोबा तरी नक्की वाचतात. कमिटीचे अध्यक्ष-सचिव या तिघांत नसावेत. माणसं चांगली असतात, पण पान त्यांच्या हातात गेलं की त्याची सूचना होते.

कागद, अक्षर, जागा

ए-फोर कागद, दोन्ही बाजूंनी, काळ्या शाईत. चार पानी रंगीत अंकाचा मोह टाळा, दुसऱ्या महिन्यातच दम लागतो. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या डीटीपीवाल्याकडून कृतिदेव किंवा श्रीलिपीत आलेला मजकूर फोनवर पाठवला की अक्षरांचा भुगा होतो. ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘बालू’ (Baloo) हे फॉन्ट फुकट मिळतात आणि छापल्यावर स्पष्ट दिसतात. अक्षर १४ पॉइंटच्या खाली नेऊ नका. आमच्या पहिल्या अंकाचं अक्षर ११ चं होतं. एक आजोबा लिफ्टच्या दारात फोनचा टॉर्च लावून ते वाचताना दिसले, आणि त्या दिवशीच आम्ही अक्षर वाढवलं, तिथला बल्बही बदलायला लावला.

जागा फार महत्त्वाची. सूचनाफलक गेटजवळ असेल तर तिथे कोणी थांबत नाही, गाडी तिथून सुटते. माणूस थांबतो लिफ्टची वाट बघत. लिफ्टच्या बटणाशेजारी, डोळ्याच्या उंचीवर पान लावा. शिवाय प्रत्येक घरात एक प्रत गेलीच पाहिजे. सकाळी पेपर टाकणाऱ्याला सांगून पेपरच्या आत घाला. पेपर न घेणाऱ्यांच्या दाराच्या कडीत लावा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर जरूर टाका, पण तेवढ्यावर राहू नका. सकाळच्या शुभेच्छा आणि वाढदिवसांच्या केकखाली टाकी धुण्याची बातमी दुपारपर्यंत गडप होते.

महिन्याचा पहिला रविवार हा दिवस ठरवा आणि तो मोडू नका. मजकूर कमी असेल तर एका बाजूचं काढा, पण काढा.

पानात काय असावं

सर्वांत वर, दरवेळी, एकच सदर ठेवा: मागच्या पानाचं काय झालं. मला विचाराल तर सगळं पान यावर उभं आहे. मागच्या महिन्यात आपण लिहिलं की दुसऱ्या माळ्यावरचा दिवा बंद आहे, बोअरची मोटर रिवाइंडिंगला दिली आहे, मुलांनी सायकल स्टँड मागितला आहे. आता त्या तिन्हीचं उत्तर छापायचं. झालं असेल तर कधी झालं, किती पैसे लागले. झालं नसेल तर का नाही, आणि कधी होईल. "प्रयत्न सुरू आहेत" हे वाक्य आम्ही पानातून बाद केलं आहे. त्याऐवजी "इलेक्ट्रिशियन दोनदा येऊन गेला, तिसऱ्यांदा शनिवारी येतो" असं लिहितो. पहिले तीन महिने लोक याकडे संशयानं बघतात. चौथ्या महिन्यात कोणीतरी स्वतःहून येऊन विचारतं, "माझं ते गटाराच्या झाकणाचं लिहिलं का?" तिथून पान चालायला लागतं.

दुसरं, पैशांचा हिशोब, पाच-सहा ओळींत. वॉचमनचा पगार, सामायिक वीजबिल, लिफ्टचा वार्षिक देखभाल करार, झाडलोट, पाणी, किरकोळ दुरुस्ती. आकडा गोल करू नका, जसा आहे तसा द्या. आणि दर दोन-तीन महिन्यांनी एक खर्च नीट उलगडून सांगा. आमच्याकडे तीन बेडरूमवाले आणि दोन बेडरूमवाले यांच्यात मेंटेनन्सवरून वर्षभर तणातणी होती: "लिफ्ट तर आम्ही तेवढीच वापरतो, मग आम्हाला जास्त का?" आम्ही डीड ऑफ डिक्लेरेशन काढून वाचलं आणि सोप्या भाषेत छापलं. अपार्टमेंट कायद्याखालच्या स्कीममध्ये सामायिक खर्च सामायिक जागेतल्या प्रत्येकाच्या अविभक्त (न वाटलेल्या) हिश्शाच्या टक्केवारीनुसार वाटला जातो आणि ती टक्केवारी डिक्लेरेशनमध्येच लिहिलेली असते. सहकारी सोसायटीत वॉचमन, झाडलोट, जिन्यातला दिवा असे सेवाखर्च सगळ्या फ्लॅटवर सारखे पडतात. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडे जे ऐकलं ते आपल्याकडे लागू नव्हतं, एवढंच होतं. सगळ्यांना ते आवडलं असं नाही, पण त्यानंतर सभेत तो विषय आवाज चढवून निघाला नाही. सोलरचंही तसंच. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत स्कीमच्या सामायिक वापराच्या पॅनेलसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, हे आम्ही लिफ्टच्या बिलाशेजारी छापलं. पुढच्या सभेत सोलरचा विषय रहिवाशांनीच मांडला.

तिसरं, एक माणूस. दर महिन्याला इमारतीतल्या एका माणसाबद्दल दीडशे शब्द. इथेच पान सर्वांत जास्त वाचलं जातं, म्हणून इथे सर्वांत जास्त मेहनत घ्या. सुरुवात अध्यक्षांपासून करू नका. आम्ही वॉचमन भाऊंपासून केली. ते मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडचे. मी त्यांच्या केबिनपाशी स्टूल टाकून बसले, तर आधी त्यांना वाटलं की तक्रार आली आहे. मग म्हणाले, "मॅडम, मेरा नाम भी छपेगा क्या?" धान रोवणीला गावी का जावं लागतं, रात्री दोन वाजता कोणाच्या घरात दिवा दिसला की ते जिन्यापर्यंत का जाऊन येतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. पान निघालं त्या सकाळी तिसऱ्या माळ्यावरच्या एका ताईंनी त्यांना पहिल्यांदा "भाऊ" म्हणून हाक मारली, आधी त्या "वॉचमन" म्हणायच्या. त्यानंतर रेल्वेतून निवृत्त झालेले काकाजी, संस्कृत शिकवणाऱ्या आजी, पहाटे अंबाझरीला पक्षी बघायला जाणारी कॉलेजची मुलगी, असे आले. चार प्रश्न पुरतात: गाव कोणतं, नागपुरात कधी आणि कसे आलात, काय येतं जे इमारतीत कोणाला माहीत नाही, आणि शेजाऱ्यांकडून काय हवं आहे. लिहून झालं की त्या माणसाला वाचून दाखवा. तो म्हणेल ते वाक्य काढून टाका, वाद घालू नका.

"काय येतं" या प्रश्नातून पुढची कामं आपोआप निघतात. एकीला गणित शिकवता येतं, एकाला सायकलचं पंक्चर काढता येतं, एक काकू सांबारवडी अशी करतात की पुडाच्या आतलं सारण शेवटच्या घासापर्यंत ओलं राहतं. वडीची कृती छापली त्या आठवड्यात त्यांच्या दाराशी शंका विचारायला सात जणी गेल्या. त्यातली एक भाड्यानं राहणारी तेलुगू मुलगी होती. सांबार म्हणजे इथे कोथिंबीर, हे तिला तेव्हा समजलं.

चौथं, येत्या महिन्याच्या तारखा. पाचवं, एक प्रश्न ज्याचं उत्तर चिठ्ठीवर लिहून वॉचमनच्या केबिनमधल्या डब्यात टाकायचं. या दोन्हींना चार-चार ओळी पुष्कळ झाल्या.

सूचना माणसाच्या भाषेत

कमिटीकडून मजकूर असा येतो: "सर्व सभासदांना कळविण्यात येते की दिनांक अमुक रोजी टाकी स्वच्छतेचे काम असल्याने पाणीपुरवठा खंडित राहील. कृपया नोंद घ्यावी." आम्ही तो असा करतो: "मंगळवारी सकाळी ९ ते दुपारी ४ वरची टाकी धुणार आहेत. घरातल्या नळांना पाणी येणार नाही. सोमवारी रात्री दोन बादल्या आणि पिण्याचं भरून ठेवा. पार्किंगमधल्या नळाला बोअरचं पाणी चालू राहील. वर पाणी नेऊन द्यायला माणूस हवा असेल तर वॉचमन भाऊंना सांगा."

फरक कशात आहे ते बघा. दुसऱ्यात वार आहे, वेळ आहे, आदल्या रात्री काय करायचं ते आहे, आणि ज्याला जमणार नाही त्याच्यासाठी सोय आहे. प्रत्येक सूचना लिहिताना स्वतःला विचारा: चौथ्या माळ्यावर एकट्या राहणाऱ्या आजींनी हे वाचलं तर त्या नेमकं काय करतील? त्याचं उत्तर सूचनेत असलं पाहिजे. "करण्यात येईल", "घेण्यात यावी" हे प्रयोग सापडतील तिथे मोडा. कोण करणार ते लिहा.

भाषा मराठीच ठेवा, पण पाणी, वीज, लिफ्ट आणि पैशाची सूचना खाली हिंदीतही दोन ओळींत द्या. नागपुरात प्रत्येक जिन्यात हिंदी बोलणारी घरं असतातच. सूचना त्यांच्यापर्यंत पोचली नाही तर दोष त्यांचा नाही.

भांडणाचे विषय

पार्किंग, कुत्री, गच्ची, वरून टपकणारं कूलरचं पाणी. हे विषय टाळले तर लोक पानाला गुळमुळीत समजतात, आणि एकाची बाजू घेतली तर पान मरतं. आमचा नियम असा: तक्रार छापायची, तक्रार करणारा आणि ज्याच्याबद्दल आहे तो, दोघांचीही नावं नाहीत, त्याखाली नियम काय सांगतो ते छापायचं. कुत्र्यांवरून दोन तट पडले तेव्हा आम्ही २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांतला भाग सोपा करून दिला. परिसरातल्या कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा ठरवण्याची जबाबदारी रहिवासी संघटनेवर किंवा अपार्टमेंट असोसिएशनवर आहे, आणि ती जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर हवी. दोन्ही तटांना आपल्या उपयोगाचं काहीतरी त्यात सापडलं आणि मागच्या भिंतीजवळचा कोपरा ठरला.

गच्चीच्या कुलपाचं आम्ही पहिल्याच अंकात वेळापत्रक छापलं. एप्रिल-मे, सकाळी साडेपाच ते दहा गच्ची वाळवणासाठी उघडी, किल्ली वॉचमनकडे, सही करून घ्यायची, पाण्याच्या टाकीच्या बाजूला चादरी टाकायच्या नाहीत. त्या काकू पहिल्या दिवशी वर गेल्या तेव्हा त्यांच्या शेजारी आणखी दोघी पाट मांडून बसल्या होत्या, एक सरगुंडे करत, एक पापड लाटत.

रागानं लिहिलेला मजकूर आला तर एक रात्र ठेवून द्या. सकाळी लिहिणाऱ्याकडे जा, वाचून दाखवा. बहुतेक वेळा तो स्वतःच अर्धा खोडतो.

कूलर, पाऊस आणि तान्हा पोळा

वर्षभर विषय कुठून आणायचे ही भीती पहिल्या दोन महिन्यांत वाटते. नागपूरचं वर्षच ते पुरवतं. मार्चच्या पानावर कूलर: गवत बदलणारा कधी येणार, सगळ्यांनी मिळून बोलावला तर किती घेईल, कूलरचं पाणी खालच्या घराच्या खिडकीवर पडणार नाही अशी नळी कशी लावायची. मेमध्ये नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस), पारा ४५ च्या आसपास, दुपारी कुरिअर-डिलिव्हरीवाल्या मुलांसाठी केबिनपाशी माठ. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीला उघडतात, त्यामुळे मुलं घरात कंटाळलेली असतात. तो अंक मुलांनाच काढायला द्या.

ऑगस्टचं पान मी कधीच हलकं घेत नाही. कूलर बंद होतात, बाल्कनीत तसेच राहतात आणि टाकीत तळाला चार बोटं पाणी साचलेलं असतं. डेंगी पसरवणारा एडिस डास अशा स्वच्छ साचलेल्या पाण्यातच वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी, टाक्या, कुंड्यांखालच्या थाळ्या कोरड्या करायच्या. आणि नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी टाकीच्या कडेला चिकटलेली असतात, कोरड्यात महिनोन्महिने टिकतात, पुन्हा पाणी आलं की फुटतात. कडा ब्रशनं घासाव्या लागतात. हे एवढं समजावून लिहिलं तेव्हा एका रविवारी मुलांची टोळी प्रत्येक घराची बेल वाजवून "काकू, कूलर घासला का?" विचारत फिरली. नुसतं "पाणी साचू देऊ नये" हे आम्ही त्याआधी दोन वर्षं लिहीत होतो, त्यानं काही झालं नव्हतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी बैल सजवून मुलं पार्किंगमध्ये आणतात, हे तर आहेच. त्याच दिवशी इतवारी-महालाकडे काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, "घेऊन जा गे मारबत" म्हणत शहराची पीडा हाकलली जाते. आमच्या मुलांनी एका वर्षी पानासाठी स्कीमच्या पीडांची यादी केली: जिन्यातल्या चपला घेऊन जा गे मारबत, लिफ्टमधली पानाची पिचकारी घेऊन जा गे मारबत. कोणाचं नाव नव्हतं, पण चपला दुसऱ्या दिवशी आत गेल्या. मग महालक्ष्म्यांचं जेवण, भुलाबाईची गाणी, गच्चीवरची कोजागिरी, दीक्षाभूमीवरच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आणि डिसेंबरात विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या दिवसांत बदलणारे रस्ते, संक्रांतीला नायलॉन मांजा. भुलाबाईची गाणी ज्या आजींना येतात त्यांच्याकडून लिहून घ्या. ती पानं लोकांनी कपाटात जपून ठेवली आहेत.

एक पान मात्र सणावारावर सोडू नका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे शहरात काही तासांत प्रचंड पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट भागातल्या घरांत आणि पार्किंगमध्ये पाणी शिरलं. त्यानंतरच्या महिन्यात आम्ही संकटाचं पान काढलं आणि दरवर्षी जूनमध्ये ते नव्यानं छापतो. मेन स्विच कुठे आहे आणि तो कोण बंद करेल, खालच्या मोटरचा पुरवठा कसा तोडायचा, गाड्या कुठे हलवायच्या, कोणत्या घरांत चालता न येणारी माणसं आहेत हे कोणाला माहीत असावं. ११२, अग्निशमनासाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८, विजेसाठी महावितरणचा १९१२, गॅस गळतीसाठी १९०६. हे पान फ्रिजवर चिकटवायला सांगा. वृद्धांच्या घरांचे नंबर त्यावर छापू नका, ती यादी फक्त प्रत्येक माळ्यावरच्या एका माणसाकडे ठेवा. कोण कधी गावाला जाणार, कोणाचं घर बंद आहे, हेही पानावर कधी येऊ देऊ नका. मुलांचे फोटो आई-वडिलांना विचारूनच.

भाडेकरू

आमच्याकडे साधारण एक तृतीयांश घरं भाड्यानं दिलेली आहेत. सभेत त्यांना मत नसतं, म्हणून त्यांना कोणी काही सांगत नाही, आणि मग तेच लोक "स्कीमचं काही देणंघेणं नाही" म्हणून बदनाम होतात. नवीन भाडेकरू आला की पहिल्या दोन दिवसांत मागच्या तीन महिन्यांची पानं आणि एक छोटी चिठ्ठी त्याच्या दारात द्या: कचऱ्याची गाडी किती वाजता, ओला-सुका कुठे, पाणी कधी, दूधवाला कोण, किल्ली बनवणारा कुठे. दीड वर्षात कोणाच्या घरी चहा न प्यायलेला तो मिहानवाला मुलगा आता पानाची मांडणी करतो.

वाचतात का, हे कसं कळेल

डब्यातल्या चिठ्ठ्या मोजा. आमच्या पहिल्या महिन्यात दोन आल्या, त्यातली एक माझ्याच घरातून होती. सहाव्या महिन्यात अकरा. चुका मुद्दाम करू नका, पण एखादी तारीख चुकली आणि संध्याकाळपर्यंत कोणीच टोकलं नाही तर समजा की वाचलं गेलं नाही. वार्षिक सभेची उपस्थिती मोजा. रद्दीवाल्याकडे गठ्ठ्यात आपली पानं न उघडलेली दिसली तर त्या घरी जाऊन विचारा, राग न धरता. एका घरातून आम्हाला उत्तर मिळालं, "आम्हाला मराठी वाचता येत नाही, बेटा." त्यांच्या नातवाला आम्ही पान वाचून दाखवायचं काम दिलं.

सोपवताना

दोन वर्षांनी संपादक बदला, थकला नसला तरी. नव्या माणसाला द्यायची पिशवी तयार ठेवा: आतापर्यंतच्या सगळ्या पानांची फाइल, मजकुराचा युनिकोडमधला साठा, झेरॉक्सवाल्याचा नंबर आणि त्याचा दर, कोणावर लिहून झालं त्या माणसांची यादी, कोणावर राहिलं त्यांची यादी, अजून उत्तर न मिळालेल्या चिठ्ठ्या, आणि ती दहा घरांची वही. नव्या संपादकानं पहिल्या रविवारी पुन्हा दहा घरं फिरावीत, आधीची नव्हे, दुसरी दहा.